घरबसल्या लोकशाही मोजा

दुसऱ्याच्या देशातली लोकशाही मोजणं हा सध्याचा सगळ्यात सोपा धंदा आहे. भांडवल लागत नाही, व्हिसा लागत नाही, हंगेरियन किंवा तुर्कमेन भाषा यायची तर गरजच नाही. एक रंगीत नकाशा, एक आलेख आणि 'बघा, आकडेच सांगतायत' हे पालुपद, एवढ्यावर भागतं. त्यातही १९८९ ते १९९१ या काळात जिथल्या कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या ते पूर्व युरोपातले आणि जुन्या सोव्हिएत संघातले देश नवशिक्यांसाठी उत्तम. ते लांब आहेत, त्यांची नावं आपल्याला सारखीच वाटतात, आणि आपण काहीही ठोकून दिलं तरी तिथून फोन करून जाब विचारायला कुणी येणार नाही. या देशांवर मराठीत लिहायचा हट्ट मी बरीच वर्षं धरून आहे. परवा एका मासिकानं दाखवून दिलं की माझी पद्धतच चुकीची होती. योग्य पद्धत आता तुमच्या सेवेला सादर करतो.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पट्टीचं कुठलं टोक चांगलं आणि कुठलं वाईट, हे तपासण्यात वेळ घालवू नका.

अमेरिकेतल्या फ्रीडम हाऊस या संस्थेनं १९९५पासून या टापूतल्या देशांवर 'नेशन्स इन ट्रान्झिट' नावाचा अहवाल काढायला सुरुवात केली. देश २९. प्रत्येकाला सात विषयांत गुण: देशपातळीवरचा कारभार, निवडणुका, नागरी संघटना, माध्यमं, स्थानिक कारभार, न्यायव्यवस्था आणि भ्रष्टाचार. गुण १ ते ७. आता गंमत अशी, की २०१९पर्यंत १ म्हणजे उत्तम आणि ७ म्हणजे वाईट होतं. २०२०च्या अहवालापासून त्यांनी पट्टीच उलटी केली: ७ उत्तम, १ वाईट. अहवालात तसं स्वच्छ लिहिलंय, पण अहवाल उघडतो कोण? हंगेरीवरच्या माझ्या लेखासोबत त्या मासिकानं मला न दाखवता, आपल्या हौसेनं एक आलेख छापला. त्यात जुने आणि नवे आकडे एकाच रेघेत ओवलेले. रेघ वर गेली की चांगलं, हे गृहीत.

त्या आलेखानुसार तुर्कमेनिस्तान २०१९पर्यंत या अख्ख्या टापूतली सर्वश्रेष्ठ लोकशाही होती, जवळजवळ सातला टेकलेली. मग २०२० साली काय झालं देव जाणे, ती एकदम तळाला गेली. एस्टोनिया बिचारा वर्षानुवर्षं तळाशी खितपत पडलेला, तो त्याच साली उठून थेट सहाच्या घरात. यात काहीतरी खटकतंय असं आलेख काढणाऱ्याला वाटलं नाही, तपासणाऱ्याला वाटलं नाही, छापणाऱ्यालाही नाही.

पण खरी बहार हंगेरीची. १ ते ७च्या बरोबर मध्ये ४ येतो. पट्टी कुठल्याही बाजूनं धरा, चार तो चारच. २०१०मध्ये हंगेरीचा आकडा अडीचच्याही खाली होता, म्हणजे जुन्या पट्टीवर चांगला होता. पुढे दरवर्षी कारभार बिघडत गेला आणि आकडा चढत गेला, २०१९मध्ये चारच्या जवळ. २०२०ला पट्टी उलटली आणि नवा आकडाही नेमका चारच्याच जवळ! बाकीच्या देशांच्या रेघा कोलांट्या मारतात, निदान शंका तरी येते. हंगेरीची रेघ मात्र सुबक, सलग, वरवर जाणारी. खाली ओळ: 'हंगेरीची चढती कमान'. आणि शेजारी माझा लेख, ज्यात म्हटलंय की तिथली लोकशाही दहा वर्षांत आतून पोखरली गेली. फोन केला तर संपादक म्हणाले, "सर, लेआउट काय सुरेख आलाय बघा ना! आणि आकड्यांचं म्हणाल तर ते ऑफिशियल आहेत." काही परिच्छेद जागेअभावी गळले होते. कुठले, ते तुम्ही ओळखलंच असेल.

दशांशस्थळं भरपूर वापरा. 'हंगेरीत न्यायाधीशांवर दबाव वाढला' यापेक्षा 'हंगेरी ०.०४नं घसरला' हे किती शास्त्रीय वाटतं! त्या ०.०४च्या पोटात काय आहे ते मात्र बघू नका. तिथे एवढंच असतं, की सातपैकी एका विषयातला गुण पावानं, म्हणजे ०.२५नं, उतरवला. भागिले सात. झाले ०.०४. पावापेक्षा बारीक फरक ती पट्टी ओळखतच नाही. कुठल्या विषयात उतरवला आणि का, हे खालच्या मजकुरात असतं. मजकूर कापा, ०.०४ ठेवा.

नकाशावर करड्या रंगाचा देश दिसला तर त्याची माहितीच मिळालेली नाही असं समजावं, आणि त्याच्यावरही मत द्यावं.

प्रश्न अवघड निघाला तर सरासरी काढा. उदाहरणार्थ, १० मे २०२०ला पोलंडमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. ती रद्द झाली नाही, रीतसर पुढे ढकलली गेली नाही, आणि झालीही नाही. कोरोनामुळे टपालानं मतदान घ्यायचं सरकारनं ठरवलं, त्याचा कायदा वेळेत होईना, तयारीवर सुमारे सात कोटी झ्लॉटी खर्ची पडले, आणि त्या रविवारी मतदान केंद्रं उघडलीच नाहीत. 'निवडणुका' या रकान्यात याला किती गुण द्याल? त्याच पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ला ७४ टक्क्यांहून जास्त मतदान झालं, कम्युनिस्ट राजवट संपवणाऱ्या १९८९च्या निवडणुकीपेक्षाही अधिक, आणि आठ वर्षं सत्तेत असलेला पक्ष पायउतार झाला. झकास. पण नव्या सरकारनं डिसेंबरमध्ये सरकारी टीव्हीचे प्रमुख हटवले आणि पुढे ती कंपनीच अवसायनात काढली. आधीच्यांनी त्या वाहिनीचा भोंगा करून ठेवला होता हे खरं, पण तो काढायला जी वाट धरली ती कायद्याच्या कडेकडेनंच जात होती. हे माध्यमस्वातंत्र्य वाढलं की कमी झालं? रुमानियाच्या घटना न्यायालयानं ६ डिसेंबर २०२४ला, दुसऱ्या फेरीला दोन दिवस उरले असताना, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. पहिल्या फेरीत टिकटॉकवरून वर आलेला उमेदवार पुढे होता आणि प्रचारात परकी हात असल्याचा संशय होता. लोकशाही वाचवली की बुडवली? यावर जन्म घालवलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत. तुम्ही डोकं शिणवू नका. एका रकान्यात पाव वाढवा, दुसऱ्यात पाव उतरवा. 'स्थिती स्थिर.'

टक्केवारी शक्यतो राज्यकर्त्यांकडूनच घ्यावी. त्यांच्याइतकी तिची काळजी दुसरं कुणी घेत नाही. बेलारूसचे लुकाशेंको २००६मध्ये निवडून आल्यावर काही महिन्यांनी स्वतःच म्हणाले, की हो, निकालात फेरफार केली. कशी? तर ९३.५ टक्के मतं मिळाली होती, पण हा आकडा 'युरोपियन' वाटत नाही म्हणून ८६च्या आसपास आणायला सांगितला. आयोगानं जाहीर केलेला आकडा ८३ टक्के होता. म्हणजे यांचा विनय आयोगानं आणखी पुढे नेला. कझाकस्तानचे नझरबायेव २०१५मध्ये ९७.७ टक्के मतं घेऊन आले आणि अतिलोकशाहीवादी देशांची त्यांनी माफी मागितली: आकडा तुम्हांला पटणार नाही, पण मी काय करू, मी हस्तक्षेप केला असता तर तेच लोकशाहीविरोधी झालं असतं! याला म्हणतात तत्त्वनिष्ठा.

माझा आवडता मात्र अझरबैजान. ऑक्टोबर २०१३. निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवर निकाल झळकला: राष्ट्राध्यक्ष अलीयेव ७२.७६ टक्के. मतदान दुसऱ्या दिवशी होतं. ॲपची चाचणी चालली होती, आकडे गेल्या वेळचे होते, असा खुलासा आला. उमेदवारांची नावं मात्र यंदाची होती. शेवटी अधिकृत आकडा ८४च्याही वर गेला, म्हणजे ॲपनं मालकाला कमीच दाखवलं होतं म्हणायचं. आता मोजणाऱ्यांचं बघा. युरोपच्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेचे निरीक्षक म्हणाले, आम्ही पाहिलेल्या मतमोजणी केंद्रांपैकी ५८ टक्के ठिकाणची मोजणी वाईट किंवा अतिवाईट होती. त्याच निवडणुकीला गेलेल्या युरोपीय संसदसदस्यांनी, म्हणजे युरोप परिषदेच्या आणि युरोपियन संसदेच्या शिष्टमंडळांनी, ती मुक्त, न्याय्य आणि पारदर्शक झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. अझरबैजान युरोपातल्या लोकप्रतिनिधींची बडदास्त कशी ठेवतो, याला तोवर 'कॅव्हिआर डिप्लोमसी', म्हणजे माशांची महागडी अंडी चारून केलेली मुत्सद्देगिरी, असं नावही पडलेलं होतं. आदल्याच वर्षी.

रशियाच्या वाटेला जाऊ नका, तिथे खरंच मोजावं लागतं. २०११च्या निवडणुकीच्या रात्री सरकारी वाहिनीनं रोस्तोव प्रांताची पक्षवार टक्केवारी दाखवली, तिची बेरीज १४६ भरली. हा झाला विनोद. पण सेर्गेई श्पिल्किन या भौतिकशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काय केलं? आयोगाच्याच संकेतस्थळावरचे एकेका केंद्राचे आकडे उतरवले आणि मांडले. खरी माणसं खऱ्या रांगेत उभी राहून मतं टाकतात तेव्हा टक्केवारी ६८.३ येते, ७१.९ येते, काहीही येते. रशियात मात्र ७०, ७५, ८०, ८५ या गोल आकड्यांवर केंद्रांची झुंबड उडालेली. साहेबांनी आकडा सांगितला आणि खालच्यानं तो तेवढाच भरून दिला, याचा हा पुरावा. २०१६ला सारातोव शहरात शंभरावर केंद्रांवर सत्ताधारी पक्षाला एकच टक्केवारी मिळाली: ६२.२. यावर आयोगानं काय सुधारणा केली म्हणता? २०२१मध्ये संकेतस्थळावरचे आकडे असे गुंडाळले की डोळ्यांना नीट दिसतात, पण कॉपी करायला गेलं की भलतीच अक्षरं हाती येतात. मोजमाप खरं असलं की राज्यकर्ते असे घाबरतात. नकाशाच्या रंगाला घाबरून कुणी आपलं संकेतस्थळ बदललेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तज्ज्ञांचं मत छापा, तज्ज्ञांची शंका छापू नका. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातली व्ही-डेम ही संस्था जगभरातल्या हजारो अभ्यासकांना प्रश्नावल्या पाठवते. त्यात कुणी कडक, कुणी सैल, म्हणून ती सगळ्यांना काल्पनिक देशांची वर्णनं देऊन त्यांनाही गुण द्यायला लावते आणि कोण किती कडक आहे ते हिशेबात धरते. प्रत्येक आकड्याबरोबर 'खरा आकडा इथपासून इथपर्यंत कुठेही असू शकतो' असा पट्टाही देते. हा पट्टा पुसून टाका. तो ठेवला तर चाळिसावा आणि पंचेचाळिसावा देश यांत फरक आहे असं छातीठोक म्हणता येत नाही, मग बातमी कसली? अलीकडे दोन अमेरिकी अभ्यासकांनी विचारलं, की सत्ताधारी पक्ष निवडणुका हरतात की नाही असल्या उघड दिसणाऱ्या खुणा पाहिल्या तर जगभरची घसरण एवढी मोठी दिसत नाही, मग मत देणाऱ्यांचा मूडच तर बिघडलेला नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तरंही आली, वाद चालू आहे. तुम्हांला त्याच्याशी काय करायचंय!

आता तुमच्यातल्या होतकरू राज्यकर्त्यांसाठी एक खास सल्ला. यादी पाठ करा. लोकशाही तपासणाऱ्या प्रत्येकाकडे यादी असते: संविधान आहे का, निवडणूक होते का, न्यायालय आहे का, खासगी माध्यमं आहेत का. एकही खूण चुकवू नका आणि घराचं सगळं सामान हलवा.

हंगेरीत व्हिक्टर ओर्बान यांच्या पक्षाला २०१०मध्ये ५३ टक्के मतं आणि दोन तृतीयांश जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी नवं संविधान मंजूर झालं. संविधान आहे? आहे. संसद ३८६वरून १९९ जागांची केली. लहान संसद असते की बऱ्याच देशांत! मतदारसंघ नव्यानं आखले आणि कायद्यात घातले. १०६ जागा थेट, एकाच फेरीत, ज्याला जास्त मतं तो विजयी. ब्रिटनमध्ये हेच तर चालतं. ९३ जागा पक्षांच्या यादीतून. जर्मनीतही याद्या आहेत. हरलेल्यांची मतं वाया जाऊ नयेत म्हणून ती यादीत मिळवायची, तशी जिंकलेल्याची गरजेपेक्षा जास्त पडलेली मतंही त्याच्याच यादीत मिळवायची. म्हणजे जिंकल्याबद्दल भरपाई! २०१४मध्ये निकाल काय लागला? मतं ४५ टक्क्यांहून किंचित कमी, जागा १३३. पुन्हा दोन तृतीयांश. निरीक्षक आले, निवडणुकीची व्यवस्था चोख होती असं म्हणाले, सत्ताधाऱ्यांना अवाजवी फायदा मिळाला असंही म्हणाले. बातमीत पहिलं वाक्य कुणी छापलं आणि दुसरं कुणी, हे ज्याच्या त्याच्या सोयीनं.

न्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय ७०वरून थेट ६२वर आणलं. एका फटक्यात वरिष्ठ न्यायाधीशांची एक फळीच घरी. प्रकरण युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेलं आणि सरकार हरलं, नोव्हेंबर २०१२मध्ये. कशावरून हरलं माहीत आहे? वयावरून भेदभाव केला म्हणून! न्यायव्यवस्था ताब्यात घेतली, यासाठी त्या न्यायालयाकडे रकानाच नव्हता. नुकसानभरपाई द्यायची, कुणाला परत घ्यायचं, एवढा सोपस्कार झाला. तोवर मोक्याच्या जागा भरल्या होत्या. ८ ऑक्टोबर २०१६, शनिवार. 'नेपसाबादशाग' हे देशातलं मोठं विरोधी दैनिक. कचेरी नव्या जागेत हलवायची आहे, घरीच थांबा, असं पत्रकारांना सांगितलेलं, आणि सकाळी दारात कुरिअर: दैनिक बंद. सरकारनं बंद केलं? छे हो, मालकानं केलं, तोट्यात होतं. २०१८च्या नोव्हेंबरात चारशेहून अधिक वर्तमानपत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं यांच्या मालकांनी आपापली मालमत्ता एका प्रतिष्ठानाला फुकट, दान म्हणून, देऊन टाकली. कुणी पत्र्याची टपरी फुकट देत नाही हो! आणि स्पर्धा आयोगानं यात डोकावू नये म्हणून सरकारनं हा व्यवहार 'राष्ट्रीय हिताचा' ठरवला. खासगी माध्यमं आहेत? आहेत. खूण करा.

अमेरिकेतल्या प्राध्यापक किम लेन शेपल यांनी २०१३मध्येच याला नाव दिलं होतं: फ्रँकेनस्टेट, प्रेतांचे अवयव जोडून बनवलेल्या फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसावरून. प्रत्येक अवयव कुठल्या ना कुठल्या धडधाकट लोकशाहीतून आणलेला, म्हणून यादी घेऊन येणाऱ्याला प्रत्येक अवयव ठीक दिसतो. उभं काय राहिलं ते यादीत लिहायला जागा नाही. २०१३मध्ये सांगितलं होतं त्यांनी! फ्रीडम हाऊसनं हंगेरीला लोकशाह्यांच्या रकान्यांतून बाहेर काढलं २०२०मध्ये. व्ही-डेमनंही त्याच सुमारास. पॉलिटी नावाची आणखी एक जुनी मापनपद्धत २०१८पर्यंत हंगेरीला दहापैकी दहा देत होती. आणि युरोपियन युनियन? हंगेरीला १९९३च्या कोपनहेगन निकषांवर, म्हणजे सदस्य व्हायच्या अटींवर, घासून-पुसून तपासून घेतलं, २००४मध्ये आत घेतलं आणि पट्टी कपाटात ठेवून दिली. बल्गेरिया आणि रुमानिया यांच्या न्यायव्यवस्थेवर २००७पासून २०२३पर्यंत वेगळी देखरेख ठेवली, कारण ते उशिरा आलेले. हुशार विद्यार्थ्याची वही पुन्हा कशाला बघायची!

शेवटचा सल्ला स्वदेशासाठी. निर्देशांक हंगेरीबद्दल असेल तर शास्त्र, आपल्याबद्दल असेल तर कट. व्ही-डेमनं २०२१च्या अहवालात भारताला 'निवडणूकशाही असलेली एकाधिकारशाही' या वर्गात टाकलं, ज्या वर्गात हंगेरी आदल्या वर्षीच गेला होता. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी अशा संस्थांना जगाचे स्वयंघोषित पालक म्हटलं. बुडापेस्टचं, म्हणजे हंगेरीचं, सरकारही अशा संस्थांना पैसा पुरवणाऱ्या अमेरिकी अब्जाधीश सोरोसच्या नावानं बोटं मोडत होतं. आणि दुसऱ्या बाजूचे तरी काय वेगळे? त्यांनी तो वर्ग, तो शब्द, कपाळावर चिकटवायच्या चिठ्ठीसारखा फिरवला. कुठल्या प्रश्नावर गुण गेले, एवढं विचारा त्यांना. एकालाही सांगता येणार नाही. माझ्या ओळखीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना विचारून झालंय.

बास झालं. आता सरळ बोलतो.

हे मोजणारे लोक मूर्ख नाहीत आणि विकलेलेही नाहीत. फ्रीडम हाऊसला अमेरिकी सरकारचा पैसा मिळत आला, ते लपवत नाहीत. त्यांच्या चुका आहेत, त्या तेच छापतात. पट्टी उलटली तर उलटली असं लिहितात. आकडा कच्चा असेल तर पट्टा देतात. लबाडी तिथे होत नाही, आळस तिथे होत नाही. तो इथे होतो, आपल्या टेबलावर. संपादक म्हणवता आणि आलेखाच्या डाव्या रेघेवर काय लिहिलंय ते वाचत नाही? तुर्कमेनिस्तान सर्वांत वर दिसतोय, जिथे बापानंतर मुलगा राष्ट्राध्यक्ष होतो तो तुर्कमेनिस्तान, आणि तुमचा हात छपाईला पाठवताना अडखळत नाही? मग तुम्हांला हंगेरीचं, पोलंडचं, कशाचंच काही पडलेलं नाही. पानात जागा रिकामी होती, ती तुम्ही भरलीत.

आणि वाचकहो, तुम्हीही कानावर हात ठेवू नका. तुम्हांलाही लेख नको असतो. 'थोडक्यात सांगा ना, कितवा नंबर?' हे मला व्याख्यानानंतर चहाच्या कपाबरोबर विचारणारे तुम्हीच. तो शनिवार, ते कुरिअर, ते ६२ वर्षांचे न्यायाधीश, हे ऐकताना घड्याळ बघणारेही तुम्हीच. हे अहवाल फुकट आहेत, नेटवर पडलेले आहेत, एकेका देशाचं प्रकरण एका बैठकीत वाचून होतं. एक वाचा. कुठलाही एक देश घ्या. पाठवणाऱ्यानं वाचलेलं नाही, ज्याला पाठवलं तो वाचणार नाही, हे ठाऊक असताना ते रंगीत नकाशे गटागटांत ढकलत बसू नका. आणि ढकलायचेच असतील तर खाली 'अभ्यासपूर्ण' लिहू नका.